पोहणं थांबलं तेव्हा कळलं: एका फाउंड्रीवाल्याच्या ध्यानाचं प्रकरण

मी कोल्हापुरात गाणं शिकवते, घरीच क्लास आहे. हे प्रकरण माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याचं, त्यांना मी भावजी म्हणते म्हणून इथंही तेच लिहिते. त्यांना विचारूनच लिहितेय, "कंपनीचं नाव तेवढं टाकू नका" एवढीच अट घातली त्यांनी. लिहायचं कारण असं की "मला ध्यान जमत नाही हो" असं म्हणणारी माणसं माझ्याकडं बरीच येतात, आणि त्यातल्या बहुतेकांना डोळे मिटून गप्प बसणं जमत नसतं, ध्यान जमत नाही असं नसतंच. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे भावजींच्या बाबतीत जेवढं स्वच्छ दिसलं तेवढं मी दुसरीकडं कुठं बघितलेलं नाही.

भावजींचं वय ४४. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटीला आहेत, माल तपासायला. फाउंड्रीतला क्वालिटीचा माणूस म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाणारा माणूस, प्रॉडक्शनवाले म्हणणार माल पास करा, डिस्पॅच अडलंय, आणि कस्टमर म्हणणार हा ब्लोहोल, म्हणजे मालातलं हवेचं भोक, तुमच्या नजरेतून सुटला कसा. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर कास्टिंगचा, म्हणजे ओतलेल्या भागाचा, फोटो यायचा, त्यावर लाल गोल काढलेला, खाली "अर्जंट रिप्लाय". झोप लागायची पण पहाटे तीनला टक्क जाग, आणि जाग आली की डोक्यात हीट नंबर सुरू (हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू), कुठल्या हीटचा माल कुठं गेला, कुठला होल्डवर ठेवायचा राहिला, ते थेट पाचपर्यंत. दिवसा चिडचिड, पोरावर ओरडणं, जेवताना हातात फोन. माझी मैत्रीण म्हणायची, "माणूस घरात असतोय पण घरात नसतोय."

डॉक्टरांना दाखवलं होतं. बीपी, शुगर, थायरॉईड सगळं तपासून झालं, काही निघालं नाही, संध्याकाळचा चहा कमी करा आणि व्यायाम करा म्हणाले. हे मुद्दाम आधी सांगते, कारण झोप उडणं, छातीत धडधडणं याच्या मागं काहीही असू शकतं, आणि ज्याला तपासणीची किंवा औषधाची गरज आहे त्यानं पुढचं सगळं वाचून डॉक्टरांकडं जायचं टाळू नये.

मग ध्यानाचं ॲप झालं. कानात इअरफोन, कोणीतरी मृदू आवाजात सांगतंय की आता लक्ष श्वासावर आणा, आणि भावजी म्हणतात, "श्वासावर लक्ष गेलं की श्वासच घ्यायला जमंना, म्हटलं आता हे पण चुकतंय का काय." मग एका हॉलमध्ये संध्याकाळचा ग्रुप होता, तिथं महिनाभर गेले. पाय बधिर, पाठ दुखतेय, शांत खोलीत स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू यायला लागले की उलट घाबरायला व्हायचं. दिवसभर धावपळीत जे विचार दबून असायचे ते डोळे मिटले की रांग लावून पुढं. शेवटी त्यांनी निकाल देऊन टाकला की आपल्याला ध्यान जमत नाही, विषय संपला.

मला हा निकाल पटत नव्हता, आणि त्याचं कारण गाण्यातलं आहे तसं योगशास्त्रातलंही आहे. पतंजलींच्या योगसूत्रात तिसऱ्या पादाची सुरुवातच आहे, देशबन्धश्चित्तस्य धारणा, म्हणजे चित्त एका ठिकाणी बांधून ठेवणं ही धारणा. त्याच्या पुढच्या सूत्रात ध्यान येतं, त्या एकाच ठिकाणी जाणिवेची धार अखंड चालू राहणं. म्हणजे आधी बांधायला जागा पाहिजे, मग ध्यान. आणि आठ अंगांच्या क्रमात धारणेच्याही आधी आसन आणि प्राणायाम आहेत, शरीर आणि श्वास आधी, मन नंतर. आपण मात्र दिवसभर पळालेल्या माणसाला खुर्चीवरून उठवतो, मांडी घालून बसवतो आणि म्हणतो, आता मन शांत कर. ज्याचं मन सारखं सुटतं त्याला बांधायची जागा ठसठशीत पाहिजे, जिथून मन सुटलं की लगेच कळेल अशी. नाकाच्या शेंड्यावरचा हलका श्वास ही फार बारीक जागा आहे, ती काहींना पहिल्या दिवशी सापडते आणि काहींना नाही सापडत, त्यात त्यांचा काही दोष नाही.

भावजींना ती जागा पाण्यात सापडली, आणि तीही शोधायला गेले नव्हते तेव्हा. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोराला पोहायला शिकवायचं म्हणून पंचगंगा घाटावर जायला लागले. स्वतः लहानपणी तिथंच शिकलेले, पाठीला डबा बांधून, काकांनी ढकलून दिल्यावर. पोरगं पंधरा दिवसांत तरंगायला लागलं आणि नंतर सकाळी उठायचा कंटाळा करून घरीच राहायला लागलं, पण बाप जातच राहिला. आधी मैत्रिणीच्या लक्षात आलं, म्हणाली, "नदीवरनं आले की अर्धा तास फोनला हात लावत नाहीत, चहा घेतात, माझ्याशी बोलतात, मला वाटलं काय झालं यांना."

काय झालं होतं ते मी खोदून खोदून विचारलं. आधी ते आपल्याकडं सगळे पोहतात तसंच पोहायचे, मान वर काढून, हात मारत. घाटावरच्या एका म्हाताऱ्या आजोबांनी त्यांना टोकलं, तोंड पाण्यात घाल की रे, श्वास पाण्यातच सोड, तिसऱ्या हाताला मान वळव आणि घे. एवढं एकच सांगणं, पण त्यानं सगळं बदललं. आता श्वास कधीही घेता येत नाही, तिसऱ्या हातालाच मिळतो, आणि पाण्यात सोडलेला श्वास बुडबुड्यांनी कानाशी ऐकू येतो. एक, दोन, तीन, मान. एक, दोन, तीन, मान, मग दुसऱ्या बाजूला. भावजी म्हणाले, "ताई, डोकं कंपनीत गेलं रे गेलं की नाकात पाणी. ठसका लागला की कळतं, हां, गेलो होतो आपण शिरोलीला." आणि हे बोलताना हसत होते, चिडलेले नव्हते. हॉलमध्ये विचार आला की स्वतःवर वैतागायचे, इथं ठसका लागला की खोकून परत एक, दोन, तीन. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक हाच होता. मन भटकलं हे कळणं आणि त्याला न रागावता परत आणणं हेच तर ध्यानाच्या बहुतेक परंपरांत शिकवतात, आणि हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सननी १९७५ च्या सुमारास शरीर शांत होण्यावर जे काम मांडलं त्यातही याच दोन गोष्टी मुख्य होत्या, एकच शब्द किंवा हालचाल परत परत करत राहणं, आणि विचार आले तर त्यांच्याशी न भांडता परत त्यावर येणं.

याच्या जवळचीच दुसरी गोष्ट म्हणजे मिहाय चिकसेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञानं ज्याला फ्लो म्हटलं ती अवस्था. कडे चढणारे, बुद्धिबळ खेळणारे, नाचणारे, ऑपरेशन करणारे सर्जन अशा माणसांशी बोलून त्यानं १९७० च्या दशकात हे मांडलं, की काम माणसाच्या कुवतीला थोडंसं ताणेल इतपत अवघड असलं, पुढं काय करायचं ते स्पष्ट असलं, आणि बरोबर चाललंय का चुकतंय हे तिथल्या तिथं कळत असलं, की माणूस त्यात असा बुडतो की वेळेचं आणि स्वतःचं भान सुटतं. फार सोपं असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर भीती वाटते. भावजींचं मान वर काढून पोहणं त्यांना इतकं सवयीचं होतं की त्यात डोकं मोकळंच राहायचं, तोंड पाण्यात घालून पोहणं मात्र नेमकं ताणाइतकं अवघड होतं. फ्लो आणि ध्यान एकच असं मी म्हणणार नाही, फ्लोमध्ये माणूस कामात हरवतो आणि ध्यानात जागा राहतो असं मला माझ्या रियाजावरून वाटतं, पण दोन्हीकडं जायचा सुरुवातीचा रस्ता बराच लांबपर्यंत एकच आहे.

आणि मन भटकणं म्हणजे काही भावजींचा एकट्याचा आजार नाही हं. २०१० मध्ये हार्वर्डच्या दोघांनी २,२५० माणसांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारलं की आत्ता काय करताय, मन कुठं आहे आणि कसं वाटतंय. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि मन भटकलेलं असताना माणसं कमी आनंदी होती.

एप्रिल आणि मेचा बराच काळ चांगला गेला, पहाटे तीनची जाग कमी झाली, आली तरी परत डोळा लागायला लागला. मध्ये एक गडबड झाली ती सांगण्यासारखी आहे. मेहुण्यांनी वाढदिवसाला स्मार्टवॉच दिलं, पाण्यात चालणारं. मग लॅप किती, वेळ किती, कॅलरी किती, कालच्यापेक्षा जास्त का कमी. पाण्यातून बाहेर आल्या आल्या नजर मनगटावर. पंधरा दिवसांतच मैत्रिणीचा फोन, परत चिडचिड सुरू झालीय म्हणून. म्हणजे नदी तीच, पाणी तेच, हात मारणं तेच, पण आता पोहताना ते पोहण्याच्या पुढं कुठंतरी होते, आकड्यात. कंपनीत दिवसभर रिजेक्शनचे आकडे आणि सकाळी पाण्यात पण आकडेच. घड्याळ काढून पोराला दिलं, आठवड्यात गाडी परत रुळावर आली.

मग पाऊस आला, आणि या प्रकरणातला खरा भाग इथून आहे.

जून संपता संपता पंचगंगेचं पाणी मातकट होतं आणि घाटावरचे जुने पोहणारे स्वतःहूनच उतरायचे थांबतात, कुणी सांगायला लागत नाही. जुलैमध्ये पायऱ्या पाण्याखाली जातात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सगळं गाव मोबाईलवर बघत बसतं, ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेल्या माणसाला हे आकडे झोपेतून उठवून विचारा. पोहणं बंद. पोहण्याच्या तलावावर जायचं बघितलं पण त्यांची शिफ्ट आणि तिथल्या बॅचची वेळ जुळेना. आणि जुलैच्या मध्याला भावजी परत पहाटे तीनला जागे, परत हीट नंबर.

त्यांना वाटलं व्यायाम सुटला म्हणून झालं, म्हणून जिम लावली. ट्रेडमिल, समोर टीव्ही, कानात गाणी. घाम भरपूर, अंग दमायचं, पण झोपेत काही फरक नाही. रंकाळा तलावावर फिरायला जायला लागले, तर तिथं चालता चालता कंपनीचे फोन. व्यायाम होताच की, नदीतल्यापेक्षा जास्तच होत असेल, मग नदीत असं काय होतं जे इथं नव्हतं? हा प्रश्न घेऊन माझी मैत्रीण एका रविवारी त्यांना माझ्याकडं घेऊन आली, चहाला म्हणून.

मी आतून येईपर्यंत ते क्लासच्या खोलीत बसले होते, एक मुलगी तानपुरा लावत होती. मी आले तर भावजी मला म्हणाले, "ताई, ती मधली एक तार जरा मेल्यासारखी वाजतीया का?" मी ऐकलं. जोडीची, म्हणजे मधल्या एकसारख्या दोन तारांतली, दुसरी तार अगदी केसभर उतरलेली होती, ती मुलगी तीन वर्षं माझ्याकडं शिकतेय तिच्या लक्षात आलं नव्हतं. विचारलं तुम्हाला कसं कळलं, तर म्हणाले की वीस वर्षं हेच तर करतोय. कास्टिंग टांगून हातोडीनं टिचकी मारायची, चांगला पीस टणकन वाजतो आणि आवाज रेंगाळतो, आत क्रॅक असेल तर आवाज ठस्स होऊन तिथंच विझतो. मशीनच्या टेस्ट नंतर होतात, आधी कान सांगतो.

त्या क्षणी मला वाटलं यांना बांधायची जागा सापडली.

नदीत काय होतं याचा हिशोब मी त्यांच्यासमोरच मांडला. श्वास ठरलेल्या जागीच घ्यावा लागत होता. मन सुटलं तर लगेच ठसका. फोन काठावर, पिशवीत. आणि काम थोडं अवघड, पण भीती वाटेल इतकं नाही. ट्रेडमिलवर यातलं काहीच नव्हतं, तिथं पाय आपोआप पळत होते आणि डोकं रिकामं, रिकाम्या डोक्यात हीट नंबर येणारच. आता हे सगळं पाण्याशिवाय कुठं मिळेल? खर्जात मिळेल, म्हटलं.

आमच्याकडं पहाटे मंद्र सप्तकात, म्हणजे खालच्या सुरांत, स्वर लावून बसतात त्याला खर्ज भरणं म्हणतात. राग नाही, ताल नाही, बंदिश नाही, एकच स्वर, आकारात म्हणजे आ म्हणत, श्वास पुरेल तोवर. कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको, शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब होते, त्यांच्या जयपूर-अत्रौली गायकीचा दमसास, म्हणजे लांबवर टिकणारा श्वास, या गावानं जवळून ऐकलाय, आणि देवल क्लब ही गाण्याची संस्था तर १८८३ पासून आहे. पण आपल्याकडं गाणं म्हटलं की मैफल, हार, टाळ्या हेच डोळ्यापुढं येतं, रोजचा एकट्याचा खर्ज कुणाला दिसत नाही.

माझा जुना तानपुरा दिला. आधी पंधरा दिवस गायचंच नाही म्हटलं, फक्त छेडायचा. मधल्या बोटानं पंचम, मग तर्जनीनं जोडीच्या दोन तारा आणि शेवटी खर्जाची जाड तार, घाई नाही, एक तार विझायच्या आत दुसरी. आणि रोज स्वतः लावायचा, मोबाईलवरचा तानपुरा नको. तो सोयीचा आहे, प्रवासात मीही वापरते, पण तो कधी उतरत नाही त्यामुळं कानाला कामच राहत नाही. खऱ्या तानपुऱ्यात तारेखालचा जवारीचा दोरा एवढासा सरकवला तरी तार वेगळी बोलते, पावसाळी हवेत तर रोज भांडण. भावजी तो दोरा सरकवण्यात असे रंगायचे की मैत्रीण म्हणाली, "हे गाणं शिकाय आलेत का मशीन दुरुस्त कराय?"

मग सा. पुरुषांच्या काळी एकच्या, म्हणजे पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, आसपास, आणि तिथून खाली उतरत मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या प पर्यंत, जेवढं सहज जाईल तेवढंच. इथं एक गोष्ट नीट सांगते, कारण सगळी गंमत तीच आहे. दोन स्वर एकमेकांच्या अगदी जवळ असले पण एक नसले की मध्ये थरथर ऐकू येते, वुं वुं वुं अशी, आणि जसजसे जवळ येतात तसतशी ती थरथर मंद होते, आणि मिळाले की थांबते. गळा तानपुऱ्याच्या षड्जात, म्हणजे सा मध्ये, बरोबर गेला की खोलीतलाच आवाज बदलतो, छातीत कळतं. आणि मन हललं की स्वर हलतो आणि थरथर परत येते. नदीत नाकात पाणी जायचं तेच काम इथं ही थरथर करत होती. पहिल्या आठवड्यात भावजींचा सा पाच सेकंद टिकायचा आणि मग कंपनीत जायचा, कुठल्या क्षणी गेला ते मला बाहेर बसून ऐकू यायचं. मी काही बोलायचे नाही. त्यांनाही ऐकू यायचंच, ते श्वास घ्यायचे आणि परत लावायचे.

श्वासाचंही तसंच. आकार लांबवायचा म्हटलं की श्वास सोडणं लांबतं आणि मिनिटाला श्वास कमी होतात, कुणी "दीर्घ श्वास घ्या" सांगायला लागत नाही. २००१ मध्ये इटलीतल्या लुचानो बेर्नार्दींच्या टीमनं २३ निरोगी माणसांवर बघितलं होतं, लॅटिनमधली जपमाळ म्हणताना आणि ॐ मणि पद्मे हूं म्हणताना, दोन्हीकडं श्वास मिनिटाला साधारण सहावर येत होता आणि हृदय आणि रक्तदाबाची लय सुधारत होती. एरवी आपण बसल्या जागी मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. खर्जात यापेक्षा वेगळं काय होत असणार, तिथंही लांब सोडणं आणि त्याच त्या आवाजाची आवृत्ती.

ऑगस्टच्या शेवटी एकदा पहाटे साडेपाचला त्यांचा मेसेज आला, तानपुऱ्यात कोणी तरी ग म्हणतंय. स्वयंभू गंधार. खर्जाची तार नीट लागली आणि जवारी जमली की तिच्या पाचपट कंपनांचा स्वर आपोआप वर तरंगतो, तो गंधार असतो, कुणी छेडलेला नसतो. माझ्या काही विद्यार्थ्यांना तो वर्ष वर्ष ऐकू येत नाही. सांगून ऐकू येत नाही तो, मन गप्प झालं की येतो. मला त्या दिवशी फार आनंद झाला.

झोप तोवर सुधारली होतीच. मग गणपती आले. कॉलनीतल्या मंडळाला कळलं की भावजी गाणं शिकतात, मग काय, एक अभंग म्हणाच. त्यांना नाही म्हणता येईना. तीन आठवडे खर्जाची वेळ अभंगाच्या तालमीला गेली, आणि पहाटे तीनची जाग परत. फक्त आता डोक्यात हीट नंबरच्या जागी अंतरा, तिथला तो स्वर लागेल का, लोकं काय म्हणतील, साहेब पण येणार आहेत. म्हटले छान, टाळ्या पडल्या, पोरानं व्हिडिओ काढला. अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवसांत परत सा वर आले आणि हळूहळू झोपही परत आली. मैफिलीला माझा विरोध नाही, माझं पोटच त्यावर आहे, पण जो वेळ मन बांधायला ठेवलाय त्यात दुसऱ्याला दाखवायचं काही आणू नये, त्याला वेगळा वेळ काढावा. घड्याळाच्या वेळी झालं तेच अभंगाच्या वेळी झालं, म्हणजे छंद कुठला यापेक्षा त्यात मोजणं किंवा दाखवणं घुसलंय का यावर बरंच अवलंबून आहे.

माझ्या ओळखीचे एक ज्येष्ठ तबलावादक हे ऐकून जरा नाराज झाले, म्हणाले संगीताला झोपेची गोळी करू नका. मला त्यांचं म्हणणं समजतं, पण पटत नाही. भावजींना मी झोपेसाठी गा असं कधी म्हटलंच नाही, सा लावा म्हटलं, आणि सा लावायचा तर संपूर्ण लक्ष द्यावं लागतं, हा संगीताचा मानच आहे. झोप आपोआप मागून आली. झोपेकडं एक डोळा ठेवून सा लावला असता तर तोही बेसूरच झाला असता.

दसऱ्यानंतर पाणी निवळलं आणि भावजी परत घाटावर. आता त्यांनी स्वतःच एक शोधून काढलंय, पाण्यात श्वास सोडताना तोंड मिटून सा गुणगुणतात. एक, दोन, तीन बंद झालं, त्याऐवजी एक गुंजन आणि मान, एक गुंजन आणि मान. पाण्यात स्वतःचा आवाज कवटीतून ऐकू येतो आणि श्वास एकसारखा सुटतो. मी करून बघितलेलं नाही, मला पोहता येत नाही, पण ऐकून मला हे फार शहाणपणाचं वाटलं.

आता परिस्थिती काय आहे ते जसं आहे तसं सांगते. महिनाअखेरीला डिस्पॅचच्या वेळी अजून जाग येते. पोरावर ओरडणं कमी झालंय, बंद नाही. आणि सप्टेंबरात त्यांनी साहेबांशी बोलून रात्री दहानंतर फोन सायलेंट ठेवायची परवानगी घेतली, अगदीच लाईन थांबली तर सिक्युरिटीच्या नंबरवरून घरच्या फोनवर. याचाही वाटा मोठा असणार, तो आणि तानपुरा वेगळे काढून मोजता येत नाहीत, त्यामुळं सगळं श्रेय सा ला द्यायला मी तयार नाही. पण फोन चालू असतानाच्या एप्रिल-मेमध्ये झोप सुधारली होती आणि फोन तसाच चालू असताना ऑगस्टमध्येही, एवढं मात्र दिसतं. गाऊन झाल्यावर तानपुरा बाजूला ठेवून ते थोडा वेळ तसेच बसतात, डोळे मिटून. पूर्वी हॉलमध्ये दोन मिनिटं बसवत नव्हतं. मी त्यावर काही बोलत नाही आणि तेही त्याला काही नाव देत नाहीत.

कुणाला स्वतःसाठी काही शोधायचं असेल तर खर्जच पाहिजे असं नाही. तालमीत हलगीच्या ठेक्यावर लाठी फिरवणारी पोरं बघा, ठेका चुकला की लाठी कोपराला बसते, तिथंही मन सुटलेलं लगेच कळतं. तबल्याचा एकच कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, ठाय म्हणजे संथ लयीत घोळवणं, श्वासाबरोबर सावकाश घातलेले सूर्यनमस्कार, लेझीम, काहीही. फक्त इअरफोन लावून पळणं, टीव्हीसमोर सायकल मारणं, यानं तब्येत सुधारेल, मन बांधलं जाईल याची मला खात्री वाटत नाही. आणि ज्यांना शांत बसल्यावर फार घाबरायला होतं, जुनं काही वर येतं, त्यांनी एकट्यानं जोर लावू नये, जाणत्या माणसाशी बोलावं.

भावजींनी आता स्वतःचा तानपुरा मिरजेला सांगितलाय, तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हापासून त्यांच्या डोक्यात होतंच, भोपळा निवडायला स्वतः जाऊन आले आणि प्रत्येक भोपळ्याला टिचकी मारून बघितली म्हणे. अडचण वेगळीच आलीय, पुढच्या महिन्यापासून त्यांना दोन महिने नाईट शिफ्ट लागतेय, म्हणजे पहाट कंपनीतच जाणार. सकाळी घरी येऊन झोपायच्या आधी बसायचं का दुपारी उठल्यावर, यावर आमचं अजून ठरत नाहीये, मी म्हटलंय पहिले आठ दिवस झोपायच्या आधी नुसता तानपुरा छेडा, गाऊ नका, काय होतंय ते बघू आणि मग ठरवू.